मावशीने पेरलेलं हुं

माझी मावशी डूख धरते. हे आधीच सांगून टाकते, कारण कुणाच्या मावशीबद्दल लिहिलंय म्हटलं की लोक साधी बाई, सोशीक बाई असलं काहीतरी वाचायला बसतात. असेल तुमची मावशी साधी. माझी नाही.

आमच्या रस्त्याच्या तोंडाशी एक शिंपी आहे. त्याने एकदा तिच्या कोटाची एक बाही आखूड शिवली आणि वर म्हणाला, "दिसत नाही हो, हात जरा वर धरून चाला." ती कोट घेऊन घरी आली. पण त्या दिवसापासून दुकानात गिऱ्हाईक दिसलं की ती दारात थांबते आणि चुंद्रीच्या आवाजात विचारते, "मास्तर, आज कुणाचा हात आखूड?" गिऱ्हाईक हसतं. मास्तर मशीनमध्ये तोंड घालतात. मी शाळेत जायचे तेव्हापासून हे चाललंय. माझी शाळा सुटली, हे नाही सुटलं.

चुंद्री म्हणजे कार्टूनमधली चिचुंद्री. लॉन्ड्रीच्या फरशीखाली राहणारी, डोळ्यांनी अधू, नाकाने तिखट आणि तोंडाने त्याहून तिखट. तिच्यासोबत एक लंगडा बेडूक असायचा. संध्याकाळी ती लागली की गल्लीतली पोरं हातातला खेळ टाकून पळायची. दिसायला काही नाही, राखाडी बोळा आणि पुढे लांबडं नाक. तरी खेळताना प्रत्येकाला चुंद्रीच व्हायचं असायचं, राजकन्या व्हायला कुणी तयार नसायचं. ते चित्रामुळे नाही. आवाजामुळे. आणि आवाज माझ्या मावशीचा.

तो आवाज तिला जन्मापासूनचा. नाकातला, घोगरा, कढईला उलथनं घासल्यासारखा. शाळेत सगळ्यांनी मिळून गाणं म्हणायचं असलं की बाई तिला मागच्या रांगेत उभं करायच्या आणि सांगायच्या, तू नुसते ओठ हलव. ती हलवायची. पुढे बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत नोकरी लागली, सुटणाऱ्या गाड्या माईकवरून सांगायची. तिथे एकदा माईक चालूच राहिला आणि ती एका कंडक्टरला झापायला लागली, "म्हातारी अजून पायरीवर आहे आणि तू घंटी देतोस? सासऱ्याने आंदण दिली का रे गाडी?" सगळ्या स्टँडने ऐकलं. लोक हसून लोळले. बाकावर बगलेत कागदांची गुंडाळी धरून एक चित्रकार बसला होता, तो उठून खिडकीशी आला.

"बाई, हे परत बोलून दाखवाल?"

"बोलले ते बोलले. तक्रार करायची तर वर साहेबांकडे जा."

तो कार्टून कंपनीचा निघाला. चुंद्री तिथून सुरू झाली.

त्यांच्याकडे काम उलटं चालायचं. आधी आवाज, मग चित्र. मावशी माईकसमोर बोलायची आणि चित्रं काढणारे ते ऐकून ऐकून चुंद्रीचं तोंड काढायचे. मावशी घाबरली की तिचा आवाज चढत नाही, खाली उतरतो. म्हणून घाबरलेली चुंद्री त्यांनी अंग चोरलेली काढली. खोटं बोलायच्या आधी मावशी जरा थांबते, अगदी जरासंच. तिथे त्यांनी चुंद्रीचं नाक वर उचललं. आणि विनोद करून मावशी स्वतः कधी हसत नाही, समोरचा हसला तर उलट त्याच्याकडे संशयाने बघते. तेही सगळं चुंद्रीत गेलं. मावशी सरळ म्हणते, "चुंद्रीला मी जन्म दिला. त्यांनी फक्त आंघोळ घालून कपडे चढवले." लग्न तिने एकदा केलं होतं, पटलं नाही, सोडलं. मूल नाही. मी तिच्याकडे राहायला आले ती दहावी अर्धवट टाकून, आईशी भांडून. मावशीने दार उघडलं आणि विचारलं, "जेवलीस का?" बाकी काहीच नाही. अजूनपर्यंत नाही. तेव्हा तिच्या वाटेला कुणी गेलं की माझं डोकं का फिरतं ते तुम्हाला कळेल.

कार्टून बंद पडलं. मावशी पुढे म्हशी, चेटकिणी, साबणाच्या जाहिरातीतल्या सासवा असं काय काय बोलत राहिली. मग कंपनीचा फोन आला की चुंद्रीचा सिनेमा निघतोय, खऱ्या माणसांचा. चुंद्री तेवढी कॉम्प्युटरवर बनवणार, आवाज अर्थात तुमचाच. मावशीने ही बातमी किराणावाल्याला सांगितली, पोस्टमनला सांगितली, खालच्या मजल्यावरच्या पोराच्या आईला सांगितली. शिंप्याला तर दुकानात शिरून सांगितली.

आणि मग मी जिथे काम करते त्या थिएटरात पोस्टर लागलं. मी दारावर तिकिटं बघते, अंधारात टॉर्च मारून लोकांना खुर्च्या दाखवते. पोस्टर मीच उलगडलं. चुंद्रीच्या जागी हिरॉईन. मोकळे केस, चमकणारा राखाडी ड्रेस, गालांवर कॉम्प्युटरने काढलेल्या सहा मिशा. नाक टाचणीएवढं. बेडकाच्या जागी मोटरसायकलवर बसलेला एक देखणा पोरगा. तो लंगडत असेल तर पोस्टरवर तरी कळत नव्हतं.

मी फोटो काढून मावशीला दाखवला. तिने तो मोठा करून पाहिला, नाकापाशी बोट ठेवलं.

"हिला सर्दी झाली तर जाणार कुठून?"

एवढंच बोलली. मला वाटलं चला, हसण्यावारी नेलं. मला अजून तिची ओळख नव्हती म्हणायची.

कंपनीने ऑफिसात बोलावलं. मी सोबत गेले. सिनेमाचा दिग्दर्शक तिथे बसला होता, खोलीत पडदे ओढलेले आणि याच्या डोळ्यांवर काळा चष्मा. आम्ही त्याला घरी गॉगलच म्हणतो.

"या, मावशी, बसा," तो म्हणाला.

"मी हिची मावशी. तुमची नाही."

"सॉरी, मॅडम. असं आहे, आता प्रेक्षक बदललाय. चुंद्री आपण फ्रेश करतोय. तुमचा आवाज ग्रेटच आहे, पण आजच्या कानाला तो थोडा जुना लागतो."

"आवाज काय दूध आहे, नासायला?"

तो हसला. ती हसली नाही. मग त्याने खरं काम काढलं. शूटिंगच्या जागी गोंगाट फार, त्यामुळे हिरॉईनचे सगळे संवाद नंतर स्टुडिओत परत बोलायचे होते. हिरॉईनला नाकातलं बोलणं जमेना. तिला तालमीला वेळही नव्हता. तेव्हा मावशीने आधी सगळे संवाद बोलून ठेवायचे. हिरॉईन एकेक ओळ हेडफोनवर ऐकणार आणि तशीच्या तशी म्हणणार. याला ते गाईड म्हणतात. सिनेमात तो आवाज लागत नाही, काम झालं की पुसून टाकतात. नाव येत नाही.

माझ्या पायाची आग मस्तकात गेली. टेबलावर काचेचा गोळा होता, तो मी उचलणारच होते. मावशीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, टाच दाबून.

"कधी येऊ?" तिने विचारलं.

जिन्यात मी तिला सोडलं नाही. "तुला लाज नाही वाटत? ओठ हलवायला मागच्या रांगेत उभं केलं होतं तुला. आता तर ओठही दुसरीचे."

"हळू बोल. जिना घुमतो."

"घुमू दे. तू हो म्हणालीसच कशी?"

ती एक पायरी खाली गेली, वळली आणि म्हणाली, "बये, पोपटाला शिकवायला मिळतंय. काय शिकवायचं ते कोण ठरवणार, पोपट का मी?"

मला तेव्हाही कळलं नाही. स्टुडिओत कळलं.

स्टुडिओतला रेकॉर्डिंगवाला तिचा जुना माणूस. चुंद्रीचा पहिला शब्दही त्यानेच घेतला होता. त्याला सगळे बटणकाका म्हणतात, कारण तो बोटाने बटण दाबण्यापलीकडे काही करत नाही, बोलतही नाही. काचेच्या अलीकडे तो आणि मी, पलीकडे मावशी. गॉगल मागच्या सोफ्यावर फोनवर. मावशी पहिली ओळ बोलली. ओळीआधी तिने नाकातून एक छोटंसं "हुं" काढलं.

गॉगलने मान वर केली. "हे मस्त आहे. हे हुं. ठेवा."

दुसऱ्या ओळीआधीही हुं. तिसऱ्याही. वाक्य संपलं की शेवटचं अक्षर तिने लांबवलं, रबर ताणल्यासारखं. आणि विनोदाची ओळ आली तर बोलून झाल्यावर स्वतःच खुदकन हसली. मावशी? स्वतःच्या विनोदावर? बटणकाकाचं बोट बटणावर तसंच राहिलं. तो माईकमधून आत म्हणाला, त्या दिवसातलं त्याचं ते पहिलं वाक्य असेल.

"बाई, ही चुंद्री नाही."

"तुम्हाला कुणी विचारलंय? दाबा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मागे गॉगलकडे पाहिलं, आणि दाबलं.

चहाला बाहेर आलो तेव्हा तिने समजावलं. "साखर असते ना, तसं हे हुं. चमचाभर गोड. हे लोक एकेक ओळ ऐकतात, एकेक ओळ पास करतात. सगळा सिनेमा एका बैठकीत सलग कुणी ऐकत नाही, ऐकतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. चमचा चमचा करून मी यांना पोतं खाऊ घालणार. लोक थिएटरात ओकतील."

"आणि गॉगलला कळलं तर?"

"त्याने कार्टूनचे दोन भाग तरी पाहिले असते तर कळलं असतं. त्या हिरॉईनने पाहिले असते तरी कळलं असतं. जो बघत नाही त्याला असंच शिकवायचं."

मी तिला मिठी मारली असती, पण तिला ते आवडत नाही. बटणकाका बशीत चहा ओतत होता, तो बशीकडे बघूनच म्हणाला, "स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करताय, बाई."

"नाक माझं. कापेन नाहीतर रंगवेन."

सगळा सिनेमा तिने असाच बोलून दिला. पुढे हिरॉईन येऊन बोलून गेली, तेव्हा आम्ही नव्हतो. बटणकाकाने नंतर सांगितलं की तिने प्रत्येक हुं उचललं. एकही चुकवलं नाही.

सिनेमा लागला तो आमच्याच थिएटरात. पहिल्या दिवशी मी मावशीला शेवटच्या रांगेत कोपऱ्यात बसवलं. गर्दी होती. माझ्या वयाची पोरंपोरी चुंद्रीचे जुने विटलेले शर्ट घालून आलेली, एकाने तर कागदाचं लांबडं नाक लावलेलं. काही आपली लहान भावंडं, लहान मुलं घेऊन. अंधार झाला. हिरॉईन लॉन्ड्रीच्या छपरावरून उडी मारून आली. फरशीखालून नाही, छपरावरून. केस भुरभुरत होते. ती म्हणाली, "हुं. मी चुंद्रीऽऽ."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मावशीकडे पाहिलं. ती शांत बसून होती, भात मुरायला ठेवल्यासारखी.

हळूहळू मुरलं. हुं आलं की पुढच्या रांगेतला एकजण सुस्कारा टाकायला लागला. मग त्याच्या शेजारचा. कुणीतरी अंधारातून हिरॉईनच्या आधीच हुं म्हटलं आणि सगळं थिएटर हसलं, सीन तर बेडूकवाल्या पोराच्या मरणाचा होता. कागदी नाकवाल्याने नाक काढून खिशात घातलं. मावशी माझ्या कानाशी लागली.

"तो बघ, उठला. ती बघ, फोन काढला. ते दोघं भांडतायत, कुणी आणलं म्हणून."

माझ्या आयुष्यातला फार चांगला तास होता तो. खोटं कशाला बोलू. सिनेमा तसाही भिकारच होता, चुंद्री त्यात मोटरसायकलवर बसून गाणं म्हणते. पण माणूस उठून जातो तो हुंमुळे, हे मी टॉर्च घेऊन दारात उभं राहून माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दोन बाया माझ्या अंगावरून बाहेर पडल्या. एक म्हणाली, "आमच्या लहानपणीची माती केली गं."

"केली," मी म्हटलं आणि दार धरलं.

मग आमच्या पुढच्या रांगेत आईच्या मांडीवर बसलेलं एक शेंबडं पोर होतं, त्याने हुं केलं. आई म्हणाली, शू. त्याने परत केलं आणि खिदळलं. पडद्यावरची हिरॉईन विनोद करून हसली, तसं तेही हसलं. मध्यंतरात बाहेरच्या व्हरांड्यात बघते तर सगळी बारकी पोरं हुं हुं करत पळतायत. मोठे सगळे वैतागलेले, आणि ही टोळी खूश. एकाने दुसरीला ढकललं आणि म्हणालं, "हुं, मी चुंद्रीऽऽ." अगदी तसंच, रबर ताणून.

मावशी पाण्याच्या नळापाशी उभी होती. कुणी तोंडात मारल्यासारखी.

"काय झालं?" मी म्हटलं. "मोठे शिव्या घालतायत. हवं होतं तेच झालं."

"मोठे उद्या विसरतील," ती म्हणाली. "ही नाही विसरायची."

उरलेला सिनेमा तिने पाहिला नाही.

पेपरात सिनेमाची लक्तरं निघाली. मी ती वाचून दाखवायचे, ती ऐकायची नाही. शिंप्याच्या दुकानावरून जाताना ती थांबली नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली. शिंपीच बाहेर येऊन मला विचारायला लागला, "बाई बऱ्या आहेत ना?"

खालच्या मजल्यावरचं पोर तर दिवसभर जिन्यात हुं करायचं. त्याची आई ओरडायची, ते थांबायचं नाही. एकदा मावशी भाजीची पिशवी घेऊन वर येत होती, मी तिच्या मागे. तिने पिशवी पायरीवर ठेवली आणि त्याच्यासमोर बसली.

"कोण रे तू?"

"मी चुंद्री. हुं."

"चुंद्री असं करत नाही. ऐक." आणि मग तिने खरी चुंद्री बोलून दाखवली. तिथे जिन्यात, पिशवी शेजारी. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकला आणि मी मागच्या पायरीवरच थबकले.

पोराने ऐकून घेतलं. मग म्हणालं, "नाही. तुला येत नाही."

मी मोबाईल काढला, जुन्या कार्टूनचा भाग लावला, त्याच्या नाकासमोर धरला. "हे बघ. ही खरी. आणि ही आजी म्हणजेच ती."

त्याने थोडं पाहिलं. "ही खोटी आहे. ही हुं करत नाही."

मी त्याचा कान पिळणार होते. मावशीने माझा हात धरला आणि पिशवी उचलून वर गेली. कांदे काढून टोपलीत टाकले. मग ओट्याकडे तोंड करूनच म्हणाली, "बटण बरोबर बोलला होता. शत्रूच्या घराला आग लावायला गेले आणि आत माझंच पोर झोपलेलं."

"मग आता?"

"आता काय. आता ती हिरॉईन चुंद्री आणि मला येत नाही."

गॉगल घरी आला तो त्यानंतर. फोन न करता, जिना चढून. चष्मा डोक्यावर. आमच्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही जीनियस आहात."

मी दाराला कडी घातली. म्हटलं, आता जाऊन दाखव.

"पेपरवाल्यांचं सोडा," तो म्हणाला. "पोरं हुंसाठी तिसऱ्यांदा तिकीट काढतायत. आईबाप चरफडत येतात, पण येतात. आम्ही दुसरा भाग करतोय. ते हुं स्क्रिप्टमध्ये नव्हतं, मी तपासलं. तुम्हीच गाईडमध्ये घातलेलं."

"घातलेलं," मावशी म्हणाली. "तुमचं वाटोळं व्हावं म्हणून घातलं होतं. ताणलेली अक्षरं, ते हसणं, सगळं मुद्दाम. लोकांनी ओकावं म्हणून."

मला वाटलं आता हा वकिलाचं नाव काढणार. तो आधी माझ्याकडे बघत राहिला, मग मावशीकडे, आणि मग मांडीवर थाप मारून हसला.

"मस्तच. मग या वेळी पण असंच काहीतरी द्या."

असल्या माणसाला मारून तरी काय उपयोग. चिखलात दगड. मावशीने त्याला चहा विचारला नाही, पण ती विचार करत होती, हे मला तिच्या नाकावरून कळलं.

"देते," ती म्हणाली. "पण गाईड बोलून निघून जाणार नाही. हिरॉईन बोलेल तेव्हा मी काचेअलीकडे बसणार. बटणाशेजारी. कुठली ओळ पास ते मी सांगणार, तुम्ही नाही. आणि सिनेमातल्या नावांच्या पाटीवर माझं नाव, तिच्याएवढ्याच अक्षरांत."

"नावाचं बघू."

"मग हुंचंही बघा. तुम्हाला दुसरं येतंय का बसवता."

तो उठला, बसला, पुन्हा उठला. "ठीक आहे. पण हुं ठेवायचं."

"हुं सगळ्यात शेवटी. आधी पाया."

कडी मी हळूच काढली.

दुसऱ्या भागाचे संवाद बोलायला हिरॉईन स्टुडिओत आली त्या दिवशी मी थिएटरात दांडी मारली. पोस्टरवर वाटते तेवढी ती मोठी नाही, माझ्याहून थोडी थोरली असेल. डोळ्यांखाली काळं. येऊन मावशीच्या पाया पडायला वाकली, मावशीने पाय मागे घेतले. ती काचेपलीकडे गेली, हेडफोन लावले. मावशी बटणकाकाशेजारी खुर्चीत बसली, पाठ ताठ. ओळ अशी होती: "घाबरतंय कोण? मी मागे थांबलेय ती तुमची पाठ राखायला." मावशी ती गाईडमध्ये खरी बोलली होती, एकही हुं न घालता. आत भीती, आत खोटं, वर विनोद, आणि हसायचं नाही. असली ओळ मावशीशिवाय कुणाला झेपणार, म्हणूनच तिने ती पहिली घेतली. हे मला माहीत होतं. बटणकाकालाही माहीत होतं, तो गालात जीभ फिरवत होता.

हिरॉईन बोलली.

"पुन्हा," मावशी म्हणाली.

ती बोलली.

"पुन्हा."

सकाळ गेली. हिरॉईन घाबरून आवाज चढवायची, मावशी म्हणायची, पुन्हा. ती थांबायची तर फार थांबायची, पुन्हा. ती हसायची, पुन्हा. कसं करायचं ते मावशी सांगत नव्हती. बसस्टँडवर गाडीचा नंबर सांगावा तसं, सपाट, पुन्हा. गॉगल दोनदा आत डोकावला, दोनदा त्याला तिने नुसतं बोट दाखवून बाहेर काढलं. हे बघायला तर मी तिकीट काढून बसले असते.

दुपारी हिरॉईनने हेडफोन गळ्यात उतरवले. काचेतून आमच्याकडे बघत म्हणाली, "एक विचारू, मॅम? मी लहानपणी रोज बघायचे. गेल्या वेळी गाईड ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं, चुंद्री अशी बोलत नसे. मी सरांना म्हटलंही. पण मग वाटलं, खुद्द त्याच बोलल्यात, मला काय कळतंय."

बटणकाकाने मान खाली घातली. मी मावशीकडे पाहिलं. म्हणजे हिने पाहिलं होतं. हिला कळलं होतं. तरी हिने मावशीवर विश्वास ठेवला आणि सगळ्या गावासमोर हुं हुं करत नाचली.

मावशी खुर्चीत पुढे सरकली. मग माईकचं बटण तिने स्वतः दाबलं.

"आवाज वर नेऊ नकोस. घाबरलं की माणूस लपतं, ओरडत नाही. पोटात खाली ने. आणि खोटं बोलायच्या आधी फक्त श्वास अडव. थांबू नकोस. अडव."

दिवसभरात तेवढंच शिकवलं. हिरॉईनने मान हलवली, हेडफोन लावले, डोळे मिटले. आणि बोलली.

लॉन्ड्रीच्या फरशीखालून आली ती ओळ. बटणकाकाचा हात बटणावरून निसटला. मी मावशीकडे पाहिलं, तिचे ओठ आपोआप त्या ओळीबरोबर हलले होते. हिरॉईनलाही कळलं असावं, ती काचेपलीकडून आमच्याकडे बघत होती, शाळेत निकाल लागताना पोरं बघतात तशी.

"पुन्हा," मावशी म्हणाली.

हिरॉईनचा चेहरा पडला. तिने पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा उभी राहिली. संध्याकाळपर्यंत ती उभीच होती.

घरी जाताना रस्त्यात मी मावशीला गाठलं. ती पुढे पुढे चालत होती, चाल हलकी.

"मावशे, ती दुपारची ओळ बरोबर होती ना?"

"होती."

"एकदम?"

"एकदम. बटणाला मी तीच ठेवायला सांगितलीय."

"मग पुन्हा पुन्हा का करायला लावलंस?"

"मजा आली," ती म्हणाली, आणि शिंप्याच्या दुकानात गिऱ्हाईक आहे का ते बघायला मान लांब केली.